खलिया, कालवण आणि कोरड्यास

मागच्या महिन्यात लखनौकडचे एक पाहुणे आमच्या घरी आले होते. मेहुण्यांचे मित्र, उर्दूचे प्राध्यापक, बोलणं असं की ऐकत राहावं. रात्री त्यांना रोशन गेटच्या बाजूला नान-खलिया खायला घेऊन गेलो. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आलेला पाहुणा नान-खलिया न खाता परत गेला तर यजमानाची नाचक्की होते. मी पोऱ्याला सांगितलं, "चार नान, दो खलिया." पाहुणे हलकंसं हसले आणि मला म्हणाले, "हुजूर, क़लिया कहिए. ख से नहीं, क़ाफ़ से."

मी गप्प बसलो. पाहुण्यांशी वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. त्यांनी तीन नान खाल्ले आणि वाटीतली तर्रीसुद्धा नानच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घेतली, एवढं मात्र नमूद करतो.

पण ते वाक्य डोक्यात राहिलं. त्यांचं म्हणणं चूक नाहीच. मूळ शब्द अरबी, क़लिया. दख्खनमध्ये मात्र कंठातून येणारा 'क़' पहिल्यापासून 'ख' होतो. क़लम आमच्याकडे खलम, क़रीब ते खरीब, वक़्त ते वख्त. आणि हे फक्त मुसलमानांच्या तोंडी झालं असंही नाही. खेड्यातल्या कुणाही म्हाताऱ्याच्या बोलण्यात 'वखत' येतो तो याच वाटेने आलेला. म्हणजे 'खलिया' ही चुकीची उर्दू नाही, ही बरोबर दखनी आहे. वली आणि सिराज हे दोन मोठे शायर ज्या गावच्या नावाने ओळखले जातात त्या गावात एक पदार्थ कोणत्या उच्चाराने मागवायचा, हे लखनौने ठरवावं, यात मला गंमत वाटते. वलीची शायरी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीला पोचली तेव्हा तिकडचे शायर फारसीत लिहिणं मोठेपणाचं समजत होते. आमच्याकडच्या बोलीत शायरी होऊ शकते हे त्यांनी त्यानंतर मनावर घेतलं. असो.

नान-खलियाची कथा इथला प्रत्येक भट्टीवाला सांगतो. मुहम्मद तुघलकाने 1327 साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, एवढ्या लष्कराला एकदम खाऊ घालायचं तर भट्टीत शेकड्याने नान आणि मोठ्या देगेत एकच सालन, असा तो जन्माला आला म्हणतात. कथा म्हणून ऐकायला छान आहे. फक्त आज खलियाला जो लालबुंद रंग असतो तो तेव्हा असणं शक्य नव्हतं, कारण मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात आली. तुघलकाच्या शिपायांनी जे खाल्लं असेल ते मिरीचं. मी हे एकदा एका भट्टीवाल्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "भाई, आप खाओ."

लखनौचे पाहुणे गेले आणि मला तीस वर्षांपूर्वीची पुण्यातली खानावळ आठवली. वैजापूर तालुक्यातल्या खेड्यातून मी शिकायला गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात वाढप्याला विचारलं, "आज कोरड्यास काय आहे?" तो बघतच राहिला. टेबलावरच्या चार पोरांपैकी एकाने विचारलं, "म्हणजे काय उर्दूत?" बाकीचे हसले. आता कोरड्यास हा उर्दू शब्द कुठून असणार! कोरड्या भाकरीला लावून खायचं ते कोरड्यास. मराठवाड्यात, सोलापूरकडे आणि खाली थेट सीमेपर्यंत कुणालाही विचारा. पण माझं नाव कळल्यावर माझ्या तोंडून येणारा जो शब्द त्यांना समजत नाही तो उर्दूच असणार, हे त्यांच्या दृष्टीने नक्की होतं. आणि लखनौकरांच्या दृष्टीने माझ्या तोंडून येणारा जो शब्द त्यांना खटकतो तो गावंढळच असणार, हेही नक्की. दोन्हीकडून दुरुस्ती माझीच.

या लेखात मला बोलायचंय ते या दुरुस्तीबद्दल.

आमच्या घरात चुलीपाशी दोन भाषा होत्या आणि त्यांच्यात भिंत नव्हती. अम्मा आमच्याशी दखनीत बोलायची आणि शेजारच्या मावशींशी मराठीत. ती "आज सालन क्या करूं?" म्हणायची आणि भिंतीपलीकडून मावशी "आज कालवण काय करावं बाई" म्हणायच्या, तेव्हा दोघींच्या पुढ्यात तेच वांगं असायचं. सालन आणि कालवण, कानालाही सारखेच. अर्थही तोच: ज्याच्याशी भाकरी खायची ते. लखनौ-दिल्लीकडे सालन म्हटलं की बहुतेक वेळा त्यात गोश्त गृहीत असतं. आमच्याकडे फल्लीचं सालन, अंड्याचं सालन, नुसत्या चिंचेच्या पाण्याचंही सालन. फल्ली म्हणजे शेंगदाणे. हे हैदराबादकडेही असंच आहे आणि त्याचं कारण साधं आहे. हा मुलूख ज्वारी-भाकरीचा. भाकरी कोरडी, घशात अडकणारी, तेव्हा तिला ओलं काहीतरी हवं. आमच्या भागातले निम्मे अन्नाचे शब्द या एका गरजेतून निघालेत. कालवण, कोरड्यास, सालन, शेरवा, पातळ भाजी. पुण्यात आमटी हा एका विशिष्ट पदार्थाचा शब्द आहे. आमच्याकडे त्या जागी पदार्थाचं नाव सांगायची गरजच नसते, काम सांगितलं की पुरे.

कोकणात हे उलटं आहे. माझी एक मैत्रीण रत्नागिरीकडची, कोकणी मुसलमान. तिच्या घरी कोकणी बोलतात, उर्दू तिच्या आजीला येतही नव्हती. त्यांच्या घरी सांदणं होतात, नारळाच्या दुधाशिवाय पान हलत नाही, आणि जेवण म्हणजे भात. तिने आयुष्यात पहिल्यांदा 'तहारी' हा शब्द माझ्या घरी ऐकला. आमची तहारी गोश्ताची, तांदूळ आणि गोश्त एकत्र शिजवलेली. लखनौच्या पाहुण्यांना तहारी म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांपुढे बटाटा-वाटाण्याचा पिवळा भात येतो. म्हणजे एका टेबलावर तीन मुसलमान बसले, तर त्यांच्यात एक तहारी ठरेना. तरीही 'मुसलमानांचं जेवण' म्हणून एकच एक पदार्थांची यादी दरवर्षी रमजानमध्ये वर्तमानपत्रांत छापून येते. ती यादी मोहम्मद अली रोडची असते. तिथला खिचडा आमच्याकडे मिळत नाही, आमच्याकडे हलीम. वैजापूरच्या खेड्यात इफ्तारीला काय असायचं? खजूर परवडला तर खजूर, कांदा-मिरची घालून भिजवलेल्या डाळी, मुरमुरे आणि केळी.

मुरमुऱ्यांवरून आठवलं. पुण्याकडे चुरमुरे, मुंबईत कुरमुरे, आमच्याकडे मुरमुरे. पहिलं अक्षर बदलत गेलं तरी तिन्ही नावांत दाताखालचा आवाज तोच आहे. यात कोण शुद्ध, असा वाद मी कधी ऐकला नाही. कारण तिन्ही बाजूंना बोलणारे आपापल्या घरी निर्धास्त आहेत. 'पोळी'चं भांडण मात्र जुनंच. खेड्यापाड्यांत पोळी म्हणजे पुरणाची, सणाची. रोजची ती चपाती. पुण्यातल्या घरात रोजची ती पोळी आणि 'चपाती' म्हणणारा कोण, कुठला, हे लोक नाकाच्या कोपऱ्यातून ओळखतात. हा प्रादेशिक फरक आहे असं सांगितलं जातं. निम्मा प्रदेशाचा असेल, निम्मा जातीचा आहे. ज्यांच्या घरी रोज गहू होता त्यांच्याकडे गव्हाचा शब्द रोजचा झाला, ज्यांच्याकडे गहू सणाला यायचा त्यांच्याकडे तो शब्द सणाचा राहिला. आमच्या घरी दोन्ही नव्हतं. रोटी म्हणजे ज्वारीची रोटी. गव्हाची केली तर तसं वेगळं सांगावं लागायचं.

आता दुसरी बाजू, कारण लखनौच्या पाहुण्यांना मी त्या रात्री जे सांगितलं नाही ते इथे सांगतो. दखनीतले खाण्याचे शब्द नीट बघितले तर त्यात मराठी किती आहे हे पाहून चकित व्हायला होतं. उत्तरेत हरा धनिया, आमच्याकडे कोतमीर. हैदराबादच्या नवाबी घरातही कोतमीरच. तेलुगूतही याच कुळातला शब्द आहे, म्हणजे उत्तरेकडून आलेल्यांनी इथल्या बाजारात जी भाजी घेतली ती इथल्याच नावाने घेतली. पालेभाजीला ते साग म्हणायचे, आम्ही भाजी म्हणतो, मेथी की भाजी, अंबाडे की भाजी. चकोल्या हा मराठवाड्यातला वरणात शिजवायचा पदार्थ, कुणी त्याला वरणफळं म्हणतात. आमच्याकडे त्याच चकोल्या गोश्ताच्या शेरव्यात पडतात आणि त्यांना म्हणतात चकोलियाँ. नको या मराठी शब्दाचं 'नक्को' झालं आणि ते हैदराबादच्या ओळखीचं चिन्ह होऊन बसलं. वाक्यात जोर द्यायचा 'च' आम्ही मराठीतून जसाच्या तसा उचलला: मीच, तसं मैंच. शिकलेले नातेवाईक आम्हाला सांगत, "ये क्या गावठी बोलते, ज़ुबान सुधारो." ज्याला ते गावठी म्हणत होते तो मराठी मातीचा भाग होता. आमची जुबान सुधारणं म्हणजे तिच्यातली मराठी काढून टाकणं.

आणि मराठी सुधारणं म्हणजे? तिच्यातलं आमचं काढून टाकणं. हा उद्योगही जुना आहे. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पुढे विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. माधव जूलियन तर फारसीचे प्राध्यापक, 1925 साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला आणि नंतर तेच भाषाशुद्धीच्या बाजूचे झाले. कचेरीतले बरेच शब्द त्यातून खरंच बदलले, काही चांगले शब्दही मिळाले, ते नाकारायचं कारण नाही. पण स्वयंपाकघरात या चळवळीला फारसं कुणी विचारलं नाही. संक्रांतीला नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालतात, बाळाचं बोरन्हाण करतात तेव्हाही हलव्याचेच दागिने. हलवा हा अरबी शब्द, अर्थ गोड. मराठी हिंदू घरातल्या इतक्या खाजगी, इतक्या कौतुकाच्या क्षणी तो शब्द बसलेला आहे आणि त्याला कुणी उठ म्हणत नाही. म्हणूही नये. आमच्याकडे हलवा म्हणजे रव्याचा किंवा चण्याच्या डाळीचा, शबे-बरातला व्हायचा, आणि लहानपणी मावशींच्या घरी संक्रांतीला पांढरे काटेरी दाणे हातावर पडले आणि "हा हलवा" म्हणून सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, मावशींना हलवा करता येत नाही.

बर्फीत फारसीतला बर्फ आहे. जिलबी अरबीतून फारसीमार्गे आली. सरबत अरबी. खिमा तुर्की मुळाचा. नागपूरकर ज्या तर्री-पोह्यावर जीव टाकतात त्यातली तर्री म्हणजे तरी, ओलावा, फारसी 'तर'पासून. कोल्हापुरात तिलाच कट म्हणतात. बटाटा, पाव, कोबी, काजू पोर्तुगीज. गंमत अशी की नान म्हणजे फारसीत नुसती रोटी आणि पाव म्हणजे पोर्तुगीजमध्येही नुसती रोटी. लोक दुसऱ्याच्या रोजच्या भाकरीला आपल्याकडचा खास पदार्थ करून टाकतात.

तर मुद्दा असा की मराठीचं पोट मोठं आहे. मग माझ्या लेखातला 'सालन' तिला का पचत नाही?

हे सांगायचं कारण घडलं ते असं. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाने माझ्याकडे 'आमच्या घरचं खाणं' यावर लेख मागितला. मी मनापासून लिहिला. छापून आला तेव्हा अम्माने केलेलं फल्लीचं सालन 'शेंगदाण्याचा रस्सा' झालं होतं. बगार दिली होती तिथे फोडणी दिली गेली. आमच्या शेतातल्या जामाच्या झाडाचा पेरू झाला होता. जाम म्हणजे पेरू, मराठवाड्यात, विदर्भात आणि हैदराबादेतही. गंमत म्हणजे हे फळच अमेरिका खंडातून आलेलं, तेव्हा दोन्ही नावं आयातीनंतरचीच. पण सगळ्यात वाईट म्हणजे 'दस्तरख्वान', 'शीरखुर्मा' आणि 'गोश्त' हे शब्द तसेच ठेवून तिरक्या ठशात छापले होते. मी संपादकांना फोन केला. माणूस सज्जन. ते म्हणाले, "अहो, वाचकांना कळायला नको का? आणि ते खास शब्द आम्ही ठेवलेत ना, वातावरणासाठी."

वातावरणासाठी! या एका शब्दात सगळं आलं. जे शब्द मला शेजारच्या मावशींशी जोडतात, या जमिनीतल्या जामाशी, शेंगांशी, फोडणीशी जोडतात, ते बदलून प्रमाण केले. जे शब्द मला वेगळा दाखवतात ते राखून सजवले. वाचकाच्या समोर जो मुसलमान उभा राहिला तो पुण्याच्या मराठीत बोलतो आणि अधूनमधून दस्तरख्वान पसरतो. आमच्या खेड्यात दस्तरख्वान रोज पसरायला घर तेवढं मोठं नव्हतं. आम्ही चुलीपुढे बसून, ताटलीत रोटी चुरून, वरून सालन ओतून खायचो, आणि भिंतीपलीकडेही अगदी तसंच चाललेलं असायचं.

त्यांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. वाचकाला कळलं पाहिजे. कोरड्यास नाशिकच्या वाचकाला कळणार नाही, सांदण मलाच कळलं नव्हतं. पण शब्द कळायला वाक्य पुरतं. "भाकरीबरोबर कोरड्यासाला पिठलं होतं" असं लिहिलं तर कोण अडतो? मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी शब्द मराठी कथा-कादंबऱ्यांत आले, वाचक शिकले, आणि आज 'सागोती' म्हटलं तर शहरातल्या माणसाच्याही तोंडाला पाणी सुटतं. तेवढीच मुभा दखनी मराठीला हवी आहे. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं. एकेका वस्तूला कुठे काय म्हणतात हे गावोगाव जाऊन नोंदवण्याचं हे काम फार मोलाचं आहे. शब्द गोळा करायला गावात येणाऱ्यांनी आमच्याही चुलीपाशी यावं, एवढंच मागणं. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला. तिच्या जुनेपणाबद्दल तेव्हा खूप लिहिलं गेलं. एका गल्लीत ती किती प्रकारांनी बोलली जाते, याबद्दलही कुणी लिहावं.

आता ज्या शब्दांबद्दल लिहायला हात अडखळतो तिकडे येतो. मटण हा शब्द बघा. इंग्रजी, आणि इंग्रजीत अर्थ मेंढीचं मांस, आपण खातो बहुधा बोकड. तरी हा शब्द सगळीकडे चालतो, पाटीवर, लग्नपत्रिकेशेजारच्या बेतात, राजकीय पंगतीत. गोश्त म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं. वस्तू तीच, पण एका शब्दाला धर्म चिकटला आणि दुसऱ्याला नाही. त्याहून पुढे 'बडे का'. मराठीत मोठ्याचं. जनावराचं नाव न घेता बोलायची ही पद्धत जुनी आहे, शेजाऱ्याच्या भावनेची कदर म्हणून सुरू झाली असावी. 2015 च्या मार्चपासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस-रेडा त्या बंदीत नाही. नान-खलिया बहुतेक ठिकाणी मोठ्याचाच असायचा, आजही असतो, म्हशीचा. कायद्याने चालणारी गोष्ट आहे. तरी गेल्या दहा वर्षांत मी बघतोय, लोक हा शब्द उच्चारताना आवाज खाली घेतात. लग्नाच्या पत्रिकेबरोबर निरोप यायचा, "खलिया बडे का है, छोटे का अलग रखे हैं", म्हणजे ज्याला चालत नाही त्याची सोय वेगळी. हा निरोप म्हणजे पाहुणचारातला प्रामाणिकपणा होता. आता नुसतं "नॉनव्हेज है" म्हणतात. आदरापोटी ठेवलेली आड भीतीपोटीची झाली की ती बोलण्यात लगेच कळते.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 सालीच आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरी काय शिजत होतं ते त्यांनी शब्दांसकट, कृतींसकट लिहून ठेवलं. चान्या, वशाट, असे शब्द ज्यांना मराठी पाककृतींच्या पुस्तकांत कधी पान मिळालं नाही. ते वाचताना मला आमचं खेडं दिसत होतं. आमच्या मोहल्ल्यापासून त्यांचा वाडा दोनशे पावलांवर होता, आणि आमच्या अन्नाचे बरेच शब्द त्यांना माहीत होते, त्यांचे आम्हाला. आम्ही मात्र असं पुस्तक लिहिलेलं नाही. बिर्याणी-कबाबांची पुस्तकं पुष्कळ आहेत. अंबाडे की भाजी, चकोलियाँ, चिंचेचं खट्टं, पावसाळ्यात उधारीवर आणलेल्या डाळीचं पाणीदार सालन, यांचं पुस्तक मराठीत मला तरी हवंय.

पण दोष सगळा दुसऱ्यांच्या पदरात घालून चालणार नाही. आमच्याच घरांत एक नवीन दुरुस्ती सुरू झालीय. कंदुरी हा शब्द आमच्याकडच्या खेड्यांत हिंदू-मुसलमान दोघांचा. दर्ग्याला नवस बोलायचा, बोकड कापून गावाला जेवू घालायचं, ती कंदुरी. शब्द फारसी, मूळ अर्थ जेवायला पसरायचं कापड. मराठवाड्यात मराठा घरातूनही "यंदा कंदुरी द्यायचीय" हे सहज ऐकू यायचं. आता आमची शिकलेली पोरं म्हणतात, हे बिदअत आहे. धर्माचा भाग आलिमांनी बघावा, त्यात मी पडत नाही. पण शब्द जातोय आणि त्याबरोबर त्या पंगतीत बसणारा अर्धा गाव जातोय, हे मला दिसतं. मलिद्याचंही तेच. त्याच वेळी शहरात जागोजागी 'मंदी'ची हॉटेलं निघालीत, अरबी थाटाचा भात, गाद्या-लोडांवर बसून खायचा. चवीला उत्तम, माझी मुलं आवडीने जातात, मीही जातो. फक्त गेल्या रमजानात माझ्या मुलीने तहारी बघून विचारलं, "अब्बू, ये मंदी का लोकल व्हर्जन है क्या?" तेव्हा घास जरा अडला.

तिला मी काही व्याख्यान दिलं नाही. दुसऱ्या दिवशी अम्माला तिच्या शेजारी बसवलं आणि म्हटलं, हिला तुझ्या स्वयंपाकातल्या वस्तूंची नावं सांग. अम्मा आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं. पोरगी मोबाइलवर टिपत गेली. जवार, फल्ली, कोतमीर, अंबाडा, जाम, मौज. मौज म्हणजे केळं, हा अरबी शब्द, हैदराबादेत अजून ऐकू येतो. येसर, जो मुसलमानांचा मुळीच नाही, नगर-बीडकडच्या मराठी घरांतला भाजलेल्या धान्या-मसाल्यांचा, अम्मा तो मावशींकडून शिकली. पोरीने विचारलं, "दादी, इनमें उर्दू का कौनसा और मराठी का कौनसा?" अम्माला प्रश्न नीट ऐकू आला नाही, किंवा कळला नाही. ती म्हणाली, "सब घरकाच है."

यादी त्या दिवशी त्र्याऐंशी शब्दांवर थांबली. या वर्षी त्याच दिवाळी अंकाचं पत्र पुन्हा आलंय. मी यादीवरच लेख लिहून पाठवलाय आणि सोबत दोन ओळी जोडल्यात: एकही शब्द बदलू नये, आणि एकही तिरका करू नये. संपादकांचा अजून फोन आलेला नाही. यादीत मात्र परवा आणखी एका शब्दाची भर पडली. अम्माला रात्री दोन वाजता 'कोरड्यास' आठवलं आणि तिने पोरीला उठवून लिहायला लावलं.